पट्टी, तंबोरा आणि मोबाईल : शाळेतील संगीताच्या तासाचा अनुभव

शाळेत समूहाने गाणे शिकवताना पहिली अडचण येते ती पट्टीची, म्हणजे गाण्याचा षड्ज (‘सा’) पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा याची. माझा स्वतःचा आवाज काळी एकचा, म्हणजे पेटीवरील सप्तकाच्या पहिल्या काळ्या सुराचा आहे. पुरुष शिक्षकाने आपल्या पट्टीत गाऊन दाखवले की वर्गातील काही मुले त्याचा खालचा षड्ज जसाच्या तसा गाठायला जातात आणि घसा दाबून घोगरा आवाज काढतात, तर उरलेली एक सप्तक वर राहून ओरडतात. पाचवी-सहावीच्या मुलांचा आवाज साधारणपणे मध्य सप्तकातील पांढरी एकपासून तार सप्तकातील पांढरी दोनपर्यंत मोकळा लागतो. त्यामुळे गाणे मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातील ‘प’पर्यंत) उतरत असेल तर षड्ज पांढरी चारपर्यंत वर न्यावा लागतो, आणि तार षड्जाच्या पुढे जात असेल तर तो पुन्हा पांढरी एकवर आणावा लागतो. प्रत्येक गाण्यागणिक ही उठाठेव करायची, स्वतः पेटी वाजवायची, गायचे आणि पन्नासहून अधिक मुलांच्या वर्गाकडे लक्षही ठेवायचे, हे एका माणसाचे काम नव्हे.

मी मिरजेजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत संगीत शिकवतो. प्रत्येक वर्गाच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास येतो आणि परीक्षा जवळ आल्या की तोही गणिताकडे जातो. साहित्य म्हणावे तर एक जुनी पेटी आहे, जिच्या भात्यातून हवा जाते आणि जिचे दोन सूर पावसाळ्यात हमखास बसतात, आणि तबल्याची एक जोडी आहे. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या एवढे जवळ असूनही शाळेत तंबोरा नव्हता. तो असता तरी तास सुरू होण्याआधी जुळवायला दहा मिनिटे आणि जपायला एक स्वतंत्र कपाट लागले असते. घरी रियाजाला मी अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक तंबोराच वापरत आलो. बंगळूरच्या राडेल कंपनीच्या ‘रागिणी’सारख्या पेट्या आता महाराष्ट्रातील बहुतेक गाणाऱ्या घरांत दिसतात, आणि पुढे तेच काम मोबाईलवरील ॲप करू लागले. तरीही ही सोय शाळेत नेण्याचा विचार मी फारसा केला नव्हता, कारण वर्गात शिक्षकाच्या हाती मोबाईल दिसणे तेव्हा बरे समजले जात नसे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोच मोबाईल आमची शाळा झाला. व्हिडिओ सभेत मी शेजारी तंबोरा लावून गायला बसलो की मुले सांगत, ‘सर, तंबोरा ऐकूच येत नाही.’ कारण शोधता शोधता कळले की अशी ॲप्स बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून मागचा आवाज गाळतात, आणि सतत एकसारखा चालणारा नाद त्यांच्या हिशेबी पंख्याच्या घरघरीत जमा होतो. ज्या सातत्यासाठी तंबोरा छेडायचा, त्याच सातत्यामुळे तो कचऱ्यात जात होता. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली, तेव्हा निम्मा प्रश्न सुटला. दुसरा निम्मा सुटण्यासारखाच नव्हता. इंटरनेटवरून जाणारा आवाज प्रत्येकाकडे थोडा उशिरा आणि वेगवेगळ्या अंतराने पोचतो, त्यामुळे समूहगान अशक्य होते. शेवटी सर्वांचे माईक बंद ठेवून मी गायचे, मुलांनी आपापल्या घरी माझ्याबरोबर म्हणायचे आणि नंतर व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश पाठवायचा, अशी पद्धत बसली.

या ध्वनिसंदेशांनी मला जे शिकवले, ते अध्यापनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. वर्गात जी मुले तोंड हलवून वेळ निभावून नेतात, त्यांचा आवाज मी प्रथमच एकेकटा ऐकत होतो. सहावीतील एक मुलगा घरात गलका असल्यामुळे गोठ्यात जाऊन ध्वनिमुद्रण करत असे. मागे म्हशीचे रेकणे आणि दाव्याची खुळखुळ ऐकू येई, पण त्याचा शुद्ध गंधार (‘ग’) इतका नेमका लागे की मी तो संदेश पुन्हा पुन्हा ऐकला. वर्गात हा मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा आणि मी त्याला बेसुरा समजत होतो असेही नाही. तो गातो हेच मला ठाऊक नव्हते. उलट, वर्गात सर्वांत मोठ्याने गाणाऱ्या काही मुली एकट्याने गाताना दुसऱ्याच ओळीत पट्टी सोडत होत्या, म्हणजे त्या आजपर्यंत शेजारणीच्या आधाराने गात होत्या.

शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा हे सगळे बंद करून जुन्या पेटीकडे परतण्याचे मला कारण दिसेना. मुख्याध्यापकांनी शालेय अनुदानातून एक बऱ्यापैकी स्पीकर घेऊ दिला. स्पीकरचा आग्रह मी मुद्दाम धरला होता, कारण मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेचा मूळ नाद जवळजवळ बाहेर पडतच नाही. कान त्याच्या वरच्या अंशांवरून अंदाज बांधतो, परंतु मुलांच्या आवाजाला तो आधार पुरत नाही. स्पीकर बॅटरीवर चालणारा घेतला, कारण आमच्याकडे दुपारच्या तासांना विजेचा भरवसा नसतो. जोडणीसाठी ब्लूटूथऐवजी साधी वायर ठेवली. तंबोऱ्याला ब्लूटूथ चालते, पण टॅबवरील पेटी वाजवताना पट्टी दाबल्यानंतर सूर जाणवण्याइतका उशिरा येतो आणि मुले त्या उशिराची वाट पाहू लागतात. एक नियमही ठरला : तास सुरू होताच मोबाईल विमान मोडवर. आलापाच्या मध्येच कर्जाची ऑफर देणारा फोन वाजला की पुढची पाच मिनिटे वर्ग हातचा गेलाच म्हणून समजावे.

तंबोरा लावून शिकवणे आणि न लावता शिकवणे यांतला फरक मुलांना सांगून पटत नाही, म्हणून मी एक प्रयोग करून पाहिला आणि आता तो दर वर्षी सहावीला करतो. तंबोरा लावून षड्ज भरायचा, एक कडवे सुरू करायचे, दुसऱ्या ओळीला तंबोरा बंद करायचा, मुलांनी गात राहायचे आणि कडवे संपताच तंबोरा पुन्हा सुरू करायचा. दर खेपेस शेवटचा षड्ज खाली उतरलेला असतो, कधी पाव स्वराने, कधी अर्ध्या. पुन्हा सुरू झालेला तंबोरा आणि मुलांचा लांबवलेला सूर एकमेकांवर घासतात तो क्षण सर्वांना कळतो. कोणी कान झाकतो, कोणी हसतो, आणि गंमत अशी की कोणीही सूचना न देता तो सूर हळूहळू वर सरकून तंबोऱ्यात मिसळतो. हे सरकणे हाच माझ्या मते शाळेतील संगीत-शिक्षणाचा गाभा आहे, आणि पडद्यावर झळकणारे कोणतेही ‘शाब्बास’ त्याची बरोबरी करू शकत नाही.

ध्वनिमुद्रण वर्गात आणताना मला अधिक सावध राहावे लागले. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना मोठी माणसेही वरमतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे काय होत असेल? म्हणून एकेकट्याचे मुद्रण वर्गात कधीच ऐकवायचे नाही, पाच-सहा जणांच्या गटाचे ऐकवायचे, असे ठरवले. ऐकताना ‘कोण चुकले’ हा प्रश्न बाद. ‘सूर कुठल्या शब्दावर उतरला’ एवढेच विचारायचे. काही आठवड्यांतच उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी नेमकी येऊ लागली. श्वास जिथे संपतो तिथे सूर पडतो, हे एका गटाने स्वतःच शोधून काढले आणि श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा वहीत केल्या. पालकांना विचारल्याशिवाय मुद्रण करायचे नाही आणि सत्र संपले की सर्व फायली पुसायच्या, हा शिरस्ता आम्ही पालक सभेत जाहीर करून पाळतो.

सूर मोजणाऱ्या काट्याच्या ॲपबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले नाही. गायलेला सूर नेमक्या जागेच्या वर आहे की खाली, हे काटा दाखवतो, आणि मुलांना तो खेळासारखा आवडतो. परंतु ही ॲप्स पेटीप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग धरतात. सप्तकाचे सेंट नावाचे 1200 सूक्ष्म भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो, तर तंबोऱ्याशी मिळणारा गंधार साधारण 386 सेंटवर असतो. तंबोऱ्यात अगदी विरघळलेला गंधार लावणाऱ्या मुलीला काटा चौदा सेंट उतरल्याचे दाखवतो, आणि ती बिचारी तो चढवून बिघडवते. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा असल्यामुळे तिथे काटा दगा देत नाही. म्हणून मी काटा फक्त षड्ज आणि पंचमापुरता वापरतो, तोही आठवीपुढे. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणे) आणि आंदोलन (सूर हलकेच डोलवणे) यांच्या ठिकाणी काटा नुसता थरथरत राहतो, तेव्हा तो बंद केलेलाच बरा. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली, त्यामागील वादात हाही एक मुद्दा होता. ज्या दोषासाठी पेटीला इतकी वर्षे ध्वनिक्षेपणाबाहेर बसावे लागले, तोच दोष आता प्रमाण म्हणून मुलांच्या खिशात येऊन बसला आहे, याची मला अधूनमधून गंमत वाटते.

या गंधाराचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा पाठ आहे. विज्ञानाच्या बाईंशी बोलून आम्ही दोघांनी एक जोडतास घेतला. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे विनामूल्य ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर होते, आणि ग्रामपंचायतीने दिलेला मोठा टीव्ही वर्गात होताच. इंटरनेट असेल तर क्रोम म्युझिक लॅब या संकेतस्थळावरही हेच दिसते, पण आमच्याकडे ते असतेच असे नाही. तंबोऱ्याची फक्त खर्जाची तार छेडलेले मुद्रण आम्ही वर्णपटाच्या, म्हणजे आवाजात कोणकोणती कंपने आहेत हे रेघांनी दाखवणाऱ्या चित्राच्या रूपात दाखवले. एकच तार वाजत असताना पडद्यावर एकावर एक अशा अनेक आडव्या रेघा उमटल्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाईंनी मध्य षड्ज 240 हर्ट्झचा धरला होता. म्हणजे खर्ज 120 चा, आणि त्याच्या पटीत 240, 360, 480, 600 अशा रेघा. दुसरी रेघ षड्ज, तिसरी पंचम, चौथी तार षड्ज हे मुलांनी पटापट सांगितले. 600 पाशी गाडी अडली. मी पेटीवर एकेक सूर वाजवत गेलो आणि गंधाराला वर्गातून हात वर झाले. तंबोऱ्याला गंधाराची तार नसतेच, तरी तो खर्जातून आपोआप ऐकू येतो. आमच्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी स्वतः तो वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, पण विद्यार्थ्यांना तो ऐकवताना नेहमी श्रद्धेचा आधार घ्यावा लागे. त्या दिवशी तो रेघ होऊन समोर होता, आणि एकदा दिसल्यावर मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू येऊ लागला. बाईंनी पुढचे गणित फळ्यावर केले : पेटीच्या हिशेबाने मध्य गंधार येतो 302.4 च्या आसपास, आणि 600 च्या निम्मे होतात 300. दोन्ही एकत्र वाजवले तेव्हा सेकंदाला दोन-तीन हेलकावे स्पष्ट ऐकू आले. काटा खोटे का बोलतो, हे मुलांना आता मी सांगायची गरज उरली नाही.

असे मोजमाप आमच्या भागाला नवे नाही, हेही मी त्या तासाला सांगितले. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृ. बा. देवल तारेच्या लांबीवरून श्रुतींचे (सप्तकातील सूक्ष्म स्वरांचे) गणित मांडत होते, आणि त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांनी प्रत्यक्ष गाऊन साथ दिली होती. त्यातूनच श्रुतींची खास पेटी घडवण्यात आली. लॅपटॉप जे क्षणात दाखवतो, ते त्या काळी तार, मोजपट्टी आणि एका थोर गवयाचा कान यांवर चालले होते.

त्यानंतर नववीच्या मुलांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेले. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे वाळवलेले भोपळे, तुणीच्या लाकडाच्या दांड्या आणि घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) घासकाम करणारे कारागीर मुलांनी पाहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण बसकरावर जवारी काढत (तारेचा नाद गुंजावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून जुळवत) बसलेल्या कारागिराकडे पाहताना ते कोणाच्या लक्षातही नव्हते. त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक छोटा तुकडा सरकवला. दोरा पुढे-मागे होताना बोथट असलेला नाद एका ठिकाणी अचानक उघडला आणि गुंजू लागला. एका मुलीने विचारले, ‘काका, तुम्ही रेघा न बघता कसं ओळखता?’ त्यांनी तिला दोरा स्वतः सरकवायला लावले. तिला ती जागा दोन-तीन खेपांत सापडली. मी मोबाईलवर त्या दोन्ही अवस्थांचे मुद्रण केले, आणि शाळेत आल्यावर वर्णपट पाहिला तेव्हा दोरा योग्य जागी आल्यानंतर वरच्या रेघा किती उजळ होतात हे दिसले. जवारी म्हणजे काय, यावर मी यापूर्वी वर्गात बरेच बोललो होतो. त्या बोलण्याचा उपयोग किती झाला असेल याची मला शंका आहे.

या सगळ्याचा शाळेला प्रत्यक्ष उपयोग झाला तो परिपाठात. राष्ट्रगीत 52 सेकंदांत पूर्ण व्हायला हवे, आणि आमच्या मैदानावर मागच्या रांगा नेहमी रेंगाळत. मुले लक्ष देत नाहीत, असेच सर्वांचे म्हणणे होते. मी रांगेच्या पुढे आणि मागे एकेक मोबाईल ठेवून मुद्रण केले. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे पन्नास मीटर लांब रांगेच्या शेवटी पेटीचा सूर जवळजवळ दीड दशांश सेकंद उशिरा पोचतो; मागची मुले त्याच्याबरोबर गातात आणि त्यांचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. लय मुलांची बिघडत नव्हती, उभे राहण्याची पद्धत तिला बिघडवत होती. पेटी आणि माईक मध्यभागी घेऊन वर्ग अर्धवर्तुळात आडवे उभे केले, तेव्हा रेंगाळणे बरेचसे थांबले. फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीतही परिपाठात आले. ते 1 मिनिट 41 सेकंदांचे आणि चढ्या चालीचे असल्यामुळे जुन्या रांगांत त्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. क्रीडाशिक्षकांना मात्र अर्धवर्तुळ अजूनही शिस्तीला सोडून वाटते.

स्नेहसंमेलनातील कराओकेविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद घालून मी दमलो आहे. आयते ट्रॅक बहुतेक मोठ्या गायक-गायिकांच्या पट्टीत असतात. ऑडॅसिटीत लय न बदलता पट्टी दोन-तीन स्वर वर-खाली करता येते, तेवढे मी करून देतो. पण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मुलाने श्वास लांबवला तर पेटीवाला सांभाळून घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो, आणि मुले एकमेकांना ऐकायचे सोडून ट्रॅकच्या मागे धावतात.

तबल्याच्या ॲपची अडचणही याच जातीची निघाली. केरवा आणि दादरा शिकवायला ते उत्तम आहे : लय हवी तेवढी कमी करता येते, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली ते आकड्याने दिसते. मुले तो आकडा बघूनच टाळी देऊ लागली, तेव्हा मी पडदा झाकला आणि नुसते ऐकून सम पकडायला लावली. त्यानेही मुले तयार झाली. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका परीक्षेच्या तयारीसाठी खरा तबलजी साथीला बसला. त्याने समेआधी एक छोटा तुकडा वाजवला आणि ॲपवर मुरलेल्या मुलींनी गाणेच थांबवले. ठेका म्हणजे दर आवर्तनाला अक्षरशः तोच, अशी त्यांच्या कानांची समजूत झाली होती. गावातील भजनात टाळ धरणारी दोन मुले मात्र त्या तुकड्याला हसली आणि बरोबर समेवर आली.

तेव्हापासून भजनी मंडळातील एका पखवाजवादक काकांना शनिवारच्या सकाळच्या शाळेत बोलावतो. ते मुलांना आधी टाळ देतात, मग हळूहळू ठेक्यात भर घालत जातात आणि कोणाची टाळी सुटली की तिथेच थांबतात. आठवड्यातील इतर दिवशी घरच्या सरावाला ॲप आहेच. काकांच्या मानधनाची तरतूद शालेय अनुदानाच्या कोणत्याच शीर्षात बसत नाही, असे कार्यालयातून कळले आहे. स्पीकरची बसली होती. सध्या जाण्यायेण्याचा खर्च आम्ही शिक्षक मिळून देतो, आणि पुढील वर्षासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज केला आहे.